मराठीतील ‘इराणी’ : एका नामाची चिकित्सा

परक्या समाजाविषयी एखाद्या भाषिक समाजाचे मत काय आहे, हे शोधण्याचे दोन मार्ग आहेत. त्या समाजाविषयी लोक उघडपणे काय बोलतात ते टिपून घेणे हा पहिला मार्ग. त्या समाजाचे नाव भाषेत कोणकोणत्या अर्थांनी वावरते आणि कोठे ते मुळीच उच्चारले जात नाही, हे पाहणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने हाती येते ते बहुधा वृत्तपत्रांनी आणि तत्कालीन राजकारणाने शिकविलेले असते. दुसऱ्या मार्गाने हाती येणारी गोष्ट अधिक जुनी व अधिक खोल असते. बोलणाऱ्यालाही तिची जाणीव असतेच असे नाही. इराणी लोकांविषयीच्या मराठी मताचा विचार प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या मार्गाने करावयाचा आहे. विवेचनासाठी मुद्दाम एक मर्यादित प्रदेश निवडला आहे : महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील दोन तालुके आणि महाडची औद्योगिक वसाहत.

इराणचा विचार करण्यासाठी हा प्रदेश का निवडावा, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर या भूमीच्या नावांतच आहे. ‘पोलादपूर’ या ग्रामनामाची उपपत्ती कोणतीही असो, ‘पोलाद’ हा शब्द फारसी आहे. त्याला जोडलेले ‘पूर’ संस्कृत आहे. शिवछत्रपतींचे चरित्र संस्कृतात रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी याच पोलादपुरात आहे. महाडचे ‘चवदार तळे’ घ्यावे. ‘चव’ हा आपला घरचा शब्द. त्यापुढील ‘-दार’ हा प्रत्यय फारसी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि ते नाव भारताच्या इतिहासात गेले. त्या नावात अर्धा शब्द इराणी भूमीतून आलेला आहे, याचे भान मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना असते. ते नसावे यात वावगे काही नाही. शब्द पूर्णपणे आपला झाल्याचीच ती खूण आहे. परंतु ज्या भूमीशी आपले नाते इतके घरगुती, तेथील माणसाचे नाव घेताच आपल्या मनात काय उभे राहते?

काही वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीजवळच्या एका चहाच्या टपरीत हा प्रश्न प्रस्तुत लेखकाने सहज म्हणून विचारला होता. मुंबईच्या गिरणीत उमेद घालवून गावी परतलेले पोलादपूरकडील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “इराणी म्हणजे परळच्या कोपऱ्यावरचा. पाळी सुटली की आम्ही त्याच्याकडेच.” शेजारी बसलेल्या कंत्राटी कामगाराचे उत्तर एका शब्दाचे होते : “टोळी.” दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढले नाही. ते दोघे एकाच देशाविषयी बोलत आहेत, असे त्यांना वाटलेच नव्हते. या दोन उत्तरांवरून समाजाविषयी अनुमान काढणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि चिकित्सेचा आरंभ करण्यास ती पुरेशी आहेत.

इराणशी असलेला आपला संबंध मराठी भाषेने चार नामांत वाटून टाकला आहे. भाषेला व लेखनविद्येला आपण ‘फारसी’ म्हणतो. प्राचीन काळी येऊन गुजरातेत स्थिरावलेल्या जरथुष्ट्री समाजाला ‘पारशी’ म्हणतो. मुंबईत व्यापारासाठी आलेल्या इराणी मुसलमानांना एके काळी ‘मोगल’ म्हणत. डोंगरी भागात शिराझच्या एका व्यापाऱ्याने १८६० साली बांधलेली, निळ्या नक्षीदार कौलांची इराणी धाटणीची मशीद आजही ‘मोगल मशीद’ म्हणूनच ओळखली जाते. वस्तुतः तिचा दिल्लीच्या मोगलांशी काही संबंध नाही. या तीन वाटण्या झाल्यावर जे उरले, त्यालाच ‘इराणी’ हे नाव मिळाले : चहाचे दुकान चालविणारा आणि गावोगाव फिरणारा. निबंधाचा मुख्य मुद्दा तो हाच. इराणकडून जे जे आपण आत्मसात केले, त्याला आपण ‘इराणी’ म्हटले नाही. आणि ज्याला ‘इराणी’ म्हटले, त्याला आपण आत्मसात केले नाही. मराठी मनातील इराण्याची प्रतिमा अशी उरलेल्या अवशेषावर उभी आहे.

प्रथम ‘फारसी’चा विचार करू. महाड तालुक्यातच रायगड आहे. ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला आणि त्यासुमारास राज्यकारभारातील फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांच्या नावे सिद्ध झाला. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत रचलेला हा कोश आपल्या भाषेच्या इतिहासातील एक थोर प्रयत्न होय. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, डबिराचा सुमंत झाला. परकीय सत्तेच्या खुणा पुसून टाकून स्वतंत्र राज्याला स्वतंत्र वाणी देणे हा त्यामागील हेतू होता आणि तो सर्वथा समर्थनीय होता. वि. का. राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्दांची गणना करून दाखविले, की १६२८ च्या पत्रात फारसी शब्दांचे जे बाहुल्य होते ते १७२८ च्या पत्रापर्यंत पार ओसरलेले आहे.

परंतु कोशाची आज्ञा आणि भाषेची गती या दोन भिन्न गोष्टी आहेत. पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला खरा. पण पुढील शतकात सारा हिंदुस्थान ज्या पदाला ओळखू लागला ते पद ‘पेशवा’ याच फारसी नावाने. रायगडावर आजही आपण नगारखान्यातून आत जातो. ‘नीस’ हा लेखकवाचक फारसी घटक चिटणीस, फडणीस, पोतनीस, कारखानीस अशा आडनावांत कायमचा वस्तीला राहिला. इतकेच नव्हे, तर फारसी लिहिणाऱ्याच्या कुळाला ‘पारसनीस’ हे नाव मिळाले आणि ते मराठी इतिहाससंशोधनात मानाने मिरविले गेले. शब्द उसने घेणे ही वरवरची देवघेव असते. प्रत्यय उसना घेऊन तो आपल्या धातू-नामांना लावणे हे भाषेच्या अंतर्गत घडणीचे लक्षण आहे. धारदार, पाणीदार, डौलदार, चवदार, भांडखोर, लाचखोर, छापखाना, बेढब, बेडौल : या शब्दांत पूर्वार्ध किंवा उत्तरार्ध आपला आहे आणि सांधा मात्र फारसी आहे. असा सांधा राजाज्ञेने उखडता येत नाही.

औद्योगिक वसाहतीच्या फाटकापाशी हे अधिक स्पष्ट दिसते. ‘कारखाना’ फारसी. ‘मजूर’ फारसी ‘मझ्दूर’वरून आलेला. ‘रोजंदारी’तील ‘रोज’ फारसी, ‘हंगामी’तील ‘हंगाम’ फारसी. ‘रोजगार’ हा शब्द फारसीत मुख्यतः ‘काळ’, ‘जमाना’ या अर्थी येतो. आपण त्याला पोट भरण्याच्या साधनाचा अर्थ पक्का करून दिला. ‘कामगार’ हा शब्द त्याहूनही विलक्षण आहे. आपण तो ‘काम’ या आपल्या शब्दाला ‘-गार’ हा फारसी प्रत्यय लावून घडविलेला आहे. फारसीतही ‘कामगार’ हा शब्द आहे. पण तेथील ‘काम’ म्हणजे इच्छा, मनोरथ. म्हणून ‘कामगार’ म्हणजे ज्याचे मनोरथ सिद्धीस गेले असा भाग्यवान मनुष्य. श्रमिकाला इराणात ‘कारगर’ म्हणतात. महाडच्या फाटकावरील ‘कामगारांसाठी प्रवेश’ ही पाटी एखाद्या इराणी पाहुण्याला कोणी वाचून दाखविली, तर हा दरवाजा केवळ भाग्यवंतांसाठी आहे अशी त्याची समजूत होईल. आपल्या हंगामी कामगाराला हा श्लेष कडवट वाटला, तर त्याला दोष देता येणार नाही.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. फारसी ही इराणची भाषा असली तरी ती केवळ इराण्यांनी इकडे आणलेली नाही; तुर्क, अफगाण आणि हिंदुस्थानातीलच कारकून यांच्या हातून ती दक्षिणेत रुजली. तेव्हा फारसी शब्दांचे श्रेय वा अपश्रेय इराण्यांच्या पदरात का टाकावे? आक्षेप रास्त आहे आणि उत्तर भारतापुरता तो बराच टिकेल. दक्षिणेत मात्र इराणशी सरळ संबंध होता. आजच्या रायगड जिल्ह्यातील चौल बंदरात होर्मुझहून घोडे उतरत. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान हा गिलानचा. त्याने बीदरला बांधलेली मदरसा अजून उभी आहे. विजापूरच्या आश्रयाने इतिहास लिहिणारा फिरिश्ता कास्पियन समुद्राजवळच्या अस्तराबादचा. बहमनी दरबारात दखनी आणि परदेशी असे दोन पक्ष होते व त्यांच्या वैरातूनच १४८१ साली गवानाचा वध झाला. या परदेशी लोकांना ‘आफाकी’ म्हणत, तसेच ‘गरीब’ असेही म्हणत. कारण अरबी-फारसीत ‘गरीब’ म्हणजे परका, परदेशी. तोच शब्द मराठीत निर्धन आणि निरुपद्रवी मनुष्याचा वाचक झाला. ज्याचे येथे कोणी नाही तो दरिद्री, ही अर्थाची पायरी कोणासही समजण्यासारखी आहे. एका अर्थी हे मराठीचे औदार्यच म्हटले पाहिजे, की परक्याचे वाचक असलेले नाव तिच्यात अनुकंपेचे नाव बनले.

हे औदार्य ‘इराणी’ या नामाच्या वाट्याला का आले नाही, हे आता पाहू. अठराव्या शतकात दिल्ली दरबारातील इराणी व तुराणी पक्षांच्या रूपाने हे नाव मराठी मुत्सद्द्यांना परिचित होते. १७३९ साली नादिरशहाने दिल्ली लुटली आणि मराठीला ‘नादिरशाही’ हा शब्द मिळाला. जुलमी सत्तेला आपण आजही त्याच नावाने ओळखतो. पण येथेही व्यक्तीचे नाव राहिले, देशाचे गळून पडले.

आज परिचित असलेला ‘इराणी’ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. यझ्द आणि केरमान येथील जरथुष्ट्री लोकांवर जिझिया कर व अनेक सामाजिक बंधने होती. त्यांच्या साहाय्यार्थ १८५४ साली मुंबईच्या पारशी समाजाने माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणात पाठविले आणि दीर्घ प्रयत्नांनंतर १८८२ साली तो कर रद्द झाला. या छळामुळे आणि दुष्काळामुळे जे लोक मुंबईस आले, त्यांना अगोदर आलेल्या पारशांपासून वेगळे ओळखण्यासाठी ‘इराणी’ म्हणू लागले. यझ्दकडून आलेले काही मुसलमानही याच धंद्यात शिरले. या जरथुष्ट्र्यांच्या घरातील ‘दरी’ ही बोली प्रमाण फारसीहून भिन्न आणि मध्य इराणच्या बोलींशी संबद्ध आहे. म्हणजे ज्यांना आपण इराणचे एकमेव प्रतिनिधी समजलो, ते स्वदेशातही अल्पसंख्य आणि तेथील भाषिक मुख्य प्रवाहाच्या कडेला असलेले लोक होते.

त्यांचा गिऱ्हाईक कोण? महाड-पोलादपूरचा चाकरमानी. (या कोकणी नामातील ‘चाकर’ही फारसीच.) पाळीवर जाणाऱ्या माणसाला पहाटे चहा, ब्रून आणि मस्का देणारे हे दुकान त्याचे दुसरे घर होते; आणि ‘मस्का’ हा शब्दही इराणातूनच आलेला. पैसे देणाऱ्याला जात न विचारता चहा देण्याचा या धंद्याचा रिवाज होता, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. तो सर्वत्र व सर्वकाळ पाळला गेला असा दावा करण्याचे कारण नाही. तथापि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत होऊनही महाडच्या तळ्यावर त्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे ध्यानात घेतले म्हणजे परळच्या कोपऱ्यावरील संगमरवरी मेजाची सामाजिक किंमत कळते. ज्याला गावात पाण्यासाठी झगडावे लागले, त्याच्यासाठी शहरातला एक परका माणूस कप भरून ठेवीत होता.

असे असूनही भाषेने काय केले? ‘इराण्याचे हॉटेल’ या पदातून ‘हॉटेल’ गळाले आणि मालकाचे नाव दुकानाला लागले. ‘इराण्याकडे बसू’ येथून ‘इराण्यात बसू’ येथवर आपण आलो. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणा होय. परंतु या लक्षणेत माणूस नाहीसा झाला. अरुण कोलटकरांच्या ‘इराणी’ या कवितेचे शीर्षक घेतले तरी तो शब्द कोणा व्यक्तीचा नव्हे, उपाहारगृहाचा वाचक आहे. आणि वाचकाला ते स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकताही कवीला भासलेली नाही. गल्ल्यावर बसलेल्या माणसाचे मूळ गाव, त्याची बोली, त्याचे स्थलांतर यांविषयी मराठी गद्याने फारसे कुतूहल दाखविले नाही. आज ही दुकाने एकामागून एक बंद होत असताना आपण जे स्मरणरंजन करतो, तेही खुर्च्या, बरण्या आणि आरसे यांचेच असते.

दुसरा ‘इराणी’ याहून अधिक दुर्दैवी ठरला. पूर्वी घोडे आणि पुढे सुऱ्या, कात्र्या, चष्मे विकत फिरणारा, शिया पंथाचा आणि फारसीशी नाते सांगणारी बोली बोलणारा एक समाज पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात राहत आहे. पुणे, कल्याणजवळील आंबिवली, भुसावळ अशा ठिकाणी त्याच्या वस्त्या आहेत. या समाजातील काही व्यक्तींवर चोरीचे गुन्हे दाखल झाले, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. परंतु आपल्या वृत्तपत्रांनी त्यावरून ‘इराणी टोळी’ हे पद रूढ केले आणि ते मथळ्यांत आजही बेदिक्कत छापले जाते. या पदाची रचना तपासावी. ‘चोरांची टोळी’ यात विशेषण कृत्याचे आहे. ‘इराणी टोळी’ यात ते जन्माचे आहे. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला. पण जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरविणारी त्या कायद्याची भूमिका या एका विशेषणात टिकून राहिली आहे. त्या वस्तीत जन्मलेल्या, शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्गात स्वतःच्या समाजाचे नाव सांगताना काय वाटत असेल, याचा विचार मथळा लिहिणाऱ्याने केलेला नसतो. टपरीतील त्या तरुणाने एका शब्दात उत्तर दिले, तेव्हा तो कोणत्याही व्यक्तीविषयी बोलत नव्हता; तो मथळा वाचून दाखवीत होता.

या विखुरलेल्या नामांना एकत्र आणण्याचे सामर्थ्य ज्याच्या ठायी होते, असा एक मराठी साहित्यिक होऊन गेला. माधव जूलियन (१८९४–१९३९) हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ साली प्रसिद्ध झाला. गझल ही रचना त्यांनी मराठीत जाणीवपूर्वक आणली. उमर खय्यामच्या रुबायांचा अनुवाद त्यांनी १९२९ मध्ये मूळ फारसीवरून आणि १९३१ मध्ये ‘द्राक्षकन्या’ या नावाने फिट्‌झेराल्डच्या इंग्रजी रूपांतरावरून केला. एकाच कवीचे इराणी आणि इंग्रजी असे दोन चेहरे शेजारी ठेवणे हे तौलनिक समीक्षेचे मोठे काम होते. आणि हाच विद्वान भाषाशुद्धीचा कैवारी होता. ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा त्यांचा ग्रंथ १९३८ चा आहे. या विरोधाबद्दल त्यांना ढोंगी ठरविणे अन्यायाचे होईल. फारसी काव्यावर प्रेम करणे आणि मराठीतील अनावश्यक फारसी शब्द नाकारणे यांत तार्किक विसंगती नाही. परंतु या द्विविध व्यापाराचा परिणाम मात्र झाला : फारसी भाषा कोशात गेली, इराणी कवी मद्य व गुलाब यांच्या संकेतात गेला, आणि कोपऱ्यावरचा जिवंत इराणी दोहोंच्या बाहेर राहिला.

टोळीच्या प्रतिमेवर गुलाबाच्या प्रतिमेचा उतारा काढणे हा मार्ग नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. सुसंस्कृत, काव्यप्रिय, मदिराक्ष इराणी हाही एक साचाच आहे. खुद्द खय्याम हा घनसमीकरणांचा विचार करणारा गणिती आणि १०७९ च्या पंचांगसुधारणेत सहभागी झालेला ज्योतिषी होता. त्याला आपण केवळ प्याल्यासह ओळखतो. प्रतिमा स्तुतिपर असली म्हणून ती सत्य होत नाही.

टपरीतील वृद्धाला किंवा तरुणाला शब्दांची व्युत्पत्ती ठाऊक असावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तथापि ज्यांचा व्यवसायच शब्दांचा आहे, त्यांची जबाबदारी (हाही शब्द अर्धा फारसी) वेगळी आहे. मोल्सवर्थने १८३१ च्या आपल्या कोशात अरबी आणि फारसी शब्दांना वेगवेगळ्या खुणा केल्या होत्या; आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मात्र दोहोंची सरसकट ‘यावनी’ या एका शीर्षकाखाली बोळवण केलेली अजूनही आढळते. ते थांबले पाहिजे. इराणी उपाहारगृहांविषयी लिहिताना वस्तूंच्या यादीबरोबर माणसांच्या आठवणी आणि त्यांची दरी बोली नोंदविली पाहिजे. ती बोलणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. आंबिवली किंवा पुण्यातील वस्त्यांत गेलेला पहिला मराठी माणूस बातमीदार किंवा शिपाईच का असावा? भाषाशास्त्राचा विद्यार्थी का नसावा? आणि ‘इराणी टोळी’ हे पद आपल्या लेखनात येऊ न देणे एवढे तर आजच, कोणत्याही अनुदानाशिवाय, करता येण्यासारखे आहे.

महाडच्या वसाहतीत पाळी बदलते तेव्हा कारखान्याच्या दरवाजातून कामगार बाहेर पडतात. कोणी रोजंदारीवर, कोणी हंगामी. या वाक्यातील कारखाना, दरवाजा, कामगार, रोजंदारी, हंगामी हे शब्द इराणशी नाते सांगणारे आहेत आणि त्यांपैकी एकालाही आपण ‘इराणी’ म्हणत नाही. ज्याला म्हणतो, तो माणूस मात्र अजून फाटकाबाहेर उभा आहे.